मतदानाआधी आकडा दाखवणे थांबवा

आमच्या ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी बिल्डर कोण, हे विशेष सर्वसाधारण सभेत ठरायला हवे होते. ते प्रत्यक्षात सभेच्या आदल्या आठवड्यातच व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ठरून गेले, आणि या प्रकाराला आमची कार्यकारिणी ‘सभासदांचा कौल’ म्हणते याचा मला मनस्वी संताप आहे.

सचिवांनी रात्री जेवणाच्या वेळी पोल टाकला. बिल्डर क्रमांक एक, बिल्डर क्रमांक दोन आणि ‘अजून ठरवलेले नाही’ असे तीन पर्याय होते. पहिल्या काही मिनिटांतच अध्यक्ष, खजिनदार आणि त्यांच्या नेहमीच्या मंडळींनी दुसऱ्या क्रमांकावर टिक केले, त्या पर्यायाखालची पट्टी भराभर भरत गेली आणि तिच्या शेजारी ओळखीचे गोल फोटो दिसू लागले. कोणी कोणाला मत दिले याची नावानिशी यादी तिथे एका बोटावर उघडते, आणि दिलेले मत काढून दुसरीकडे टाकण्याचीही सोय असते. पहिल्या क्रमांकावर टिक करणाऱ्या दोन कुटुंबांची नावे त्याच रात्री तिथून नाहीशी होऊन दुसऱ्या क्रमांकाखाली दिसू लागली. दरम्यान कोणी नवा मुद्दा मांडला नव्हता, की सल्लागाराने तयार केलेल्या तुलनात्मक तक्त्यावर ग्रुपवर कोणी एक अक्षर लिहिले नव्हते. पहिला बिल्डर कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापराची जागा, थोडी कमी देत असला तरी बँक हमी आणि ताबा मिळेपर्यंतचे भाडे स्पष्ट शब्दांत लिहून देत होता, तर दुसऱ्याच्या प्रस्तावात हमीचा परिच्छेद मोघम होता. पण बदललेल्या त्या दोन मतांमागे यातले काहीही नव्हते, होता तो फक्त आकडा.

आमच्या मजल्यावरच्या मावशींनी तो तक्ता चष्मा लावून, पेन्सिलीने खुणा करत वाचला होता आणि पहिलाच बिल्डर बरा असे मला स्वतःहून सांगितले होते. पोलनंतर लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “अगं, सगळ्यांनी दुसऱ्यालाच दिलंय. उद्या पाण्याचा, गळतीचा प्रश्न आला तर याच लोकांच्या दारात जायचं ना मला? एकटीने कशाला वाईट व्हायचं?” सभेत त्यांचा हात दुसऱ्या क्रमांकासाठी वर गेला. मला त्यांचा राग येत नाही. एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाईवर असा दबाव येईल हे ठाऊक असूनही ज्यांनी पोल टाकला, त्यांचा येतो.

हा कोणा एकाच्या भित्रेपणाचा प्रश्न नाही. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात समान लांबीच्या रेघा ओळखण्याचा साधा प्रयोग केला होता. खोलीतल्या बाकीच्यांनी ठरवून एकसारखे चुकीचे उत्तर दिले की डोळ्यांसमोर बरोबर उत्तर दिसत असूनही अनेकजण त्यांच्या सुरात सूर मिसळत. तेच उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्यायला सांगितले, की हे प्रमाण बरेच घटत असे. साध्या रेघेबाबत माणसाची ही गत होत असेल, तर आयुष्याची पुंजी गुंतलेल्या घराबाबत आणि रोज तोंड पाहायच्या शेजाऱ्यांसमोर काय होईल?

आकडा पाहून लोक फक्त बाजू बदलतात असेही नाही, ते मतदानच सोडून देतात. फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीत काही सागरपार प्रदेशांत मुख्य भूमीचा अंदाज जाहीर झाल्यानंतर मतदान होत असे, आणि २००५ मध्ये नियम बदलून तिथले मतदान आधी घेण्याचे ठरले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही काळांची तुलना केली, तेव्हा निकाल आधी कळल्यामुळे तिथले मतदान सुमारे ११ टक्केबिंदूंनी घटत होते आणि जिंकणाऱ्याकडे कल वाढत होता असे दिसले. आमच्या सभेला जे सभासद आले नाहीत, त्यांतल्या काहींनी मला हेच कारण सांगितले: ठरलेच आहे तर येऊन काय करायचे?

आपल्या कायद्याला हे कळते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये २००९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १२६ अ, शेवटच्या टप्प्याचे मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करण्यास मनाई करते आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते. २०२५ च्या डिसेंबरमध्ये तर आपण हे अगदी जवळून पाहिले. नगरपालिकांचे मतदान २ डिसेंबरला झाले, पण अंबरनाथसह काही ठिकाणचे २० डिसेंबरला ढकलले गेले; तेव्हा आधीच्या निकालांचा नंतरच्या मतदारांवर परिणाम होऊ नये म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरला एकत्र करायला लावली.

यावर आमच्या सचिवांचे उत्तर ठरलेले आहे: “अहो, अंदाज नेहमी चुकतात, २०२४ ला काय झालं ते पाहिलंत ना?” पाहिले. लोकसभेच्या त्या निवडणुकीत बहुतेक एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या आणि प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. पण ते अंदाज १ जूनला, सातवा टप्पा संपल्यावर बाहेर आले. असेच चुकीचे अंदाज १९ एप्रिलच्या पहिल्या टप्प्यानंतर रोज टीव्हीवर झळकले असते, तर २० मे रोजी ठाण्यात रांगेत उभा राहिलेला माणूस तो खोटा आकडा डोक्यात घेऊनच यंत्रासमोर गेला असता. अंदाज चुकतात, हे ते दाखवण्याचे समर्थन कसे होऊ शकते?

दुसरा युक्तिवाद पारदर्शकतेचा. शेजाऱ्याचे म्हणणे काय आहे हे सभासदाला कळायलाच हवे, त्याबद्दल माझा वाद नाही. पहिल्या बिल्डरचे दुसरीकडचे काम रखडले आहे असे कोणाला ठाऊक असेल, तर ते ग्रुपवर लिहावे, सभेत उभे राहून बोलावे, पुरावे दाखवावेत. त्यातून माझे मत बदलले तर ते विचाराने बदलेल. पोलच्या पट्टीत मात्र कारण नसतेच. किती लोक कुठे आहेत एवढेच ती सांगते, आणि त्या सांगण्यात ‘तू कुठे आहेस ते आम्हाला दिसते आहे’ ही तंबी असते.

राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने अशा सभेसाठी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांचा अधिकृत प्रतिनिधी, चित्रीकरण आणि ५१ टक्के सभासदांची संमती अशी सगळी चौकट घालून दिली आहे. ती चौकट आमच्याकडे कागदोपत्री पूर्ण पाळली गेली. प्रतिनिधी आले, कॅमेरा चालू झाला, आणि सचिवांनी प्रास्ताविकातच सांगितले, “ग्रुपवरचा कौल स्पष्ट आहे, आता फक्त औपचारिकता उरली आहे.” मी उठून हरकत घेतली, तर मागून आवाज आला, “ताई, बहुमताचा मान ठेवा.” जे बहुमत अजून मोजलेच गेले नव्हते, त्याचा मान मी कसा ठेवायचा?

करारनामा, पार्किंगचे वाटप, बिल्डरकडून मिळायच्या कॉर्पस निधीची रक्कम हे सगळे विषय अजून सभेपुढे यायचे आहेत. मी कार्यकारिणीला लेखी अर्ज दिला आहे: सभेआधी कोणताही पोल टाकू नये, मतदान छापील चिठ्ठीवर बंद पेटीत व्हावे आणि मोजणी सर्वांसमोर एकदाच व्हावी. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही. काल रात्री मात्र ग्रुपवर पार्किंगचा पोल येऊन पडला आहे, आणि त्यावर पहिले टिक अध्यक्षांचे आहे.