जुन्या पोर्ट्रेटसमोर जाणकार कसं दिसावं

समजा कोल्हापुरात शाहू स्मारकला स्लाइड शो आहे, पडद्यावर इंग्रज चित्रकार गेन्सबरोचं 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' लागलंय आणि चार शब्द तुम्हाला बोलायचेत, तर भावांनो आधी एक करा, चित्राकडं बघू नका. बघितलं की जे दिसतंय तेच तोंडातून जातं आणि मग तुम्हाला जाणकार कोण म्हणणार?

दिसतंय काय तर डावीकडं ओकच्या झाडाखाली नवरा-बायको, नवऱ्याच्या काखेत बंदूक, पायाशी कुत्रं, बायको निळ्या घेरदार झग्यात बाकड्यावर, आणि दोघांच्या तोंडावर 'काय काम काढलंत?' उजवीकडं अर्ध्याहून जास्त चित्र नुसतं रान. 1748 ला लग्न, 1750 च्या आसपास चित्र, रान त्यांच्याच मालकीचं. आपल्याकडं नवीन ट्रॅक्टरवर हात ठेवून मागं ऊस येईल असा फोटो काढत्यात, तसंच की! पण हे बोललात की संपलात. तुम्ही म्हणायचं, "मानव आणि निसर्ग यांच्यातला हळुवार संवाद." (बंदूक घेऊन कसला संवाद, पण म्हणायचं.)

गेन्सबरोला मनापासून निसर्गचित्रं काढायची होती आणि पोट भरायचं पोर्ट्रेटवर, म्हणून रान एवढं जीव लावून रंगवलंय की काय, असली साधी शंका तर चुकूनसुद्धा काढू नका.

खरा माल आहे बाईंच्या मांडीवर. तिथं एक तुकडा रंगवायचाच राहिलाय! कुणी म्हणतं नवऱ्यानं मारलेला पक्षी तिथं येणार होता, कुणी म्हणतं पुढं होणारं बाळ. राहिलं असेल काम अर्धवट, पण तुम्ही आवाज खाली आणून "इथं रिकामेपणच बोलतंय" म्हणा, मग दहा सेकंद गप्प बसा, पुढच्या रांगेतले माना डोलवतात का नाही बघा.

धोका फक्त मागच्या खुर्च्यांचा. तिथं बावड्याकडचा एखादा शेतकरी पावसाचं म्हणून आत येऊन बसलेला असतो आणि त्यानं चित्र खरंच बघितलेलं असतं. तो उठून विचारणार, "साहेब, गहू पाभरीनं पेरलेला दिसतोय, ओळी कशा सरळ आहेत, कापणी झाली, पेंढ्या पण बांधून झाल्या, मग रानात एक पण माणूस कसा नाही? हे सगळं त्या झगेवाल्या बाईंनी केलं का?"

अशा वेळी अजिबात गडबडायचं नाही. "प्रश्न छान आहे, पण कॉम्पोझिशनचा मुद्दा वेगळा" म्हणायचं आणि प्रोजेक्टरवाल्या पोराला खूण करायची, पुढची स्लाइड घे रे.