पोथी उघडण्याआधी फूटपट्टी घ्या

धर्मग्रंथ वाचायला घेताय म्हणे. घ्या की. फक्त मांडी ठोकण्याआधी फूटपट्टी, कॅल्क्युलेटर आणि लाल पेन जवळ ठेवा. ग्रंथ हा पंचनामा असतो, एवढं मनाशी पक्कं करा. श्रद्धाळू असाल तर खाली ‘मजकूर खरा’ असं लिहून सही ठोका, चिकित्सक असाल तर ‘मजकूर खोटा’. वाचायची रीत दोघांची एकच, त्यामुळे ऐन वेळी पक्ष बदलावासा वाटला तरी नवीन काही शिकावं लागत नाही.

हात बसेपर्यंत सोपं घ्या. बायबलमध्ये शलमोन राजाच्या मंदिरातल्या ओतीव धातूच्या अवाढव्य गंगाळाचं माप दिलंय: या काठापासून त्या काठापर्यंत १० हात, घेर ३० हात. म्हणजे पायची (π, घेर भागिले व्यास, खरं तर ३.१४ च्या आसपास) किंमत नेमकी ३! चिकित्सकाने इथेच टाळी वाजवून ग्रंथ मिटावा. श्रद्धाळूने तीन ओळी पुढे जावं. तिथे गंगाळाची जाडी दिली आहे. व्यास बाहेरून मोजला आणि घेर आतून, असं धरलं की पाय बराचसा सावरतो. गंगाळ पुरोहितांना अंग धुवायला होतं, देवापुढे उभं राहायचं तर आधी स्वच्छ व्हावं म्हणून. पण ते वाचत बसलात तर गणित राहून जाईल.

मग ससा घ्या. बायबलमधल्याच लेवीय पुस्तकाच्या ११व्या अध्यायात ससा रवंथ करतो असं आहे. ससा रवंथ करत नाही. तो स्वतःच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. झालं, श्रद्धाळूला तेवढं पुरतं: खाल्लेलं पुन्हा खाणं हे रवंथ नाही तर काय? देवाची अब्रू सशाच्या लेंड्यांवर तोलून धरणारी ही चिकाटी पाहिली की मला हात जोडावेसे वाटतात. हसतोय कशाला, मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ नोहाच्या तारवात, म्हणजे बायबलमधल्या प्रलयात जनावरं वाचवणाऱ्या त्या जहाजात, घालवली आहे. लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. जनावरं कशीबशी मावली, पण शेणाचं काय करायचं ते सुटेना. प्रलय का आला, हे त्या संध्याकाळी एकदाही मनात आलं नाही, ही माझी प्रगती समजा.

जुन्या लोकांपासून मात्र सांभाळून राहा, ते डाव मोडतात. वेदात ‘यूप म्हणजे सूर्य’ असं वाक्य आहे. यूप म्हणजे यज्ञातला लाकडी खांब. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी सांगितलं, हा अर्थवाद आहे, खांबाची स्तुती आहे, तुपाने माखलेला खांब चकाकतो म्हणून. खांबाचं तापमान मोजायला त्यांनी कुणाला पाठवलं नाही. शंकराचार्य तर गीताभाष्यात सरळ लिहून बसले की अग्नी थंड असतो असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण ठरत नाही. १२व्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबाच्या इब्न रुश्द या मुस्लीम तत्त्वज्ञाने तेच आपल्या परीने मांडलं: सिद्ध झालेली गोष्ट आणि वचनाचा वरवरचा अर्थ जुळत नसेल, तर वचनाचा अर्थ नीट लावा. अशी माणसं घरात असली की भांडण पेटतच नाही.

आता मुख्य युक्ती. ‘रूपक’ हा शब्द खिशात ठेवा, पण लवकर काढू नका. बायबलमधल्या यहोशवाने सूर्याला थांब म्हटलं आणि सूर्य थांबला, असं वचन आहे. म्हणजे फिरतो तो सूर्यच. गॅलिलिओ म्हणत होता फिरते ती पृथ्वी; त्याच्या विरोधकांना हे वचन चांगलं कामी आलं. १६३३ मध्ये त्याला गुडघ्यावर बसवून आपलं मत मागे घ्यायला लावलं, आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत होता. चूक धर्मपंडितांची होती, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये मान्य केलं. हिशेब करा: ३५९ वर्षं. जिंकत असतो तोवर वचन शब्दशः खरं असतं, हरल्यावर ते रूपक निघतं. मधल्या काळात ज्याची मान अडकली असेल त्याने थोडा धीर धरावा.

अगदीच हरायचं नसेल तर जुन्या काळच्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञाचा मार्ग धरा. ग्रहणाचं गणित सावलीने मांडायचं, आणि ग्रहण राहूमुळे होत नाही असं आधीच सांगून गेलेल्या आर्यभटालाही झोडपायचं. ग्रहण वेळेवर लागतं, राहूही नाराज होत नाही.

‘हे आमच्या ग्रंथात आधीच होतं’ हे वाक्यही पाठ करून ठेवा. वापरायचं मात्र शोध लागल्यावरच. पुढच्या वर्षी लागणारा शोध आजच पोथीतून काढून दाखवा असं कुणी म्हणालं, तर त्याच्या भावना तपासायला सुरुवात करा. तुमच्या दुखावल्या आहेत हे तोवर जाहीर झालेलं असेलच.

एवढा सराव झाला की बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली वाटसरूची गोष्ट घ्या. यरुशलेमहून यरीहोला ‘खाली’ जाणाऱ्या माणसाला लुटारूंनी बडवून अर्धमेला टाकला. याजक आला, बघून पलीकडून गेला. लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, आला, तोही गेला. मग शोमरोनी आला, परक्या जातीचा, आणि त्याने जखमा बांधल्या. इथे रडू वगैरे आलं तर पेन खाली पडेल, सांभाळा. विचारा: घटनेची तारीख? लुटारूंची नावं? जखमीचा जबाब? चिकित्सक म्हणेल, काहीच नाही, गोष्ट बनावट. श्रद्धाळूने नकाशा उघडावा. यरुशलेम समुद्रसपाटीच्या वर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, मध्ये सुमारे १,००० मीटरचा उतार. ग्रंथात ‘खाली’ लिहिलंय आणि रस्ता खरोखर खाली जातो! लगेच सगळ्यांना कळवा. कण्हण्याचा आवाज येत असेल तर टेप धरायला त्यालाच सांगा, तसाही तो रस्त्यातच पडलाय.