उंबरठ्यावर अडकलेलं पाऊल

गेला महिनाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चघळला जातोय. धाकट्या काकांना वृद्धाश्रमात ठेवलं, हा. काकांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. काकू गेल्यापासून घरात ते आणि सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून येणारा एक माणूस, दोघंच. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. काका दोनदा पडले, दुसऱ्या वेळी खुबा मोडला. ऑपरेशन झाल्यावर मुलाने चार ठिकाणी चौकशी केली आणि एका संस्थेत त्यांच्यासाठी खोली घेतली.

आत्याने लिहिलं, ‘आपल्या घरात हे कधी झालं नव्हतं.’ एका भावाने 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम पाठवलं. दुसऱ्याने लातूर जिल्हा परिषदेची जुनी बातमी शोधून टाकली. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातले 30 टक्के कापून ते त्या आईवडिलांना द्यायचे, असा ठराव तिथे 2020 च्या शेवटी झाला होता. मग संस्कार, एकत्र कुटुंब, परदेशात गेलेली मुलं, अशी नेहमीची गाडी निघाली आणि शेवटी माझ्या दारात येऊन थांबली. ‘तू तर तिकडे म्हाताऱ्यांच्या संस्थेतच काम करतेस. तूच सांग, त्याने केलं ते बरोबर की चूक?’

मी नऊ वर्षांपासून जर्मनीत एका वृद्धनिवासात काम करते. भारतात नर्सिंग केलं होतं, इथे येऊन भाषा आणि परीक्षा नव्याने दिल्या. आता माझ्याकडे नव्या मुलांना शिकवायचं काम आहे. इंटर्नशिपला येणारी शाळकरी मुलं, बारावीनंतर वर्षभर स्वयंसेवा करणारी मुलं आणि तीन वर्षांचं रीतसर शिक्षण घेणारे प्रशिक्षणार्थी, सगळे माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे बरोबर की चूक याचं उत्तर मी ग्रुपवर दिलं नाही. मला जे सांगायचं आहे ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या शरद ऋतूत अठरा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला, वर्षभराच्या स्वयंसेवेसाठी. उंच, लाजरा, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट शिकवली: दार ठोठावायचं. ठोठावून थांबायचं, आतून उत्तर आलं की आत जायचं. ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांच्याही दारावर ठोठावायचं, थांबायचं, आत गेल्यावर नाव सांगायचं, खाली वाकून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं आणि मग बोलायचं. ते पेशंट नाहीत, रहिवासी आहेत. ती खोली त्यांचं घर आहे. आपण पाहुणे.

दुसऱ्या आठवड्यात स्वेटरची गोष्ट झाली. एका आजींना पक्षाघात होऊन गेलेला, उजव्या हातात जोर कमी. स्वेटरची बटणं त्या स्वतः लावतात. पाच बटणं. हा मुलगा शेजारी उभा. तिसऱ्या बटणाला त्यांचं बोट सटकलं, पुन्हा सटकलं, आणि याचा हात पुढे गेला. मी त्याचं मनगट हलकेच धरलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दगडाची आहे. पाच बटणांना अकरा मिनिटं लागली. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘मी अर्ध्या मिनिटात लावून दिली असती.’ मी म्हटलं, ‘हो. आणि महिनाभर रोज लावून दिली असतीस तर त्यांना ती कधीच लावता आली नसती.’

आमच्या कामात हे सगळ्यात अवघड. माया असली की हात पुढे जातो. तो मागे ठेवायला शिकावं लागतं. आपल्याकडे सून किंवा मुलगी सासऱ्यांना भरवते, अंगात कपडे घालते, उठू देत नाही, आणि शेजारीपाजारी म्हणतात, किती करते बिचारी! खरंच करते, तिच्या मायेवर मला तिळमात्र शंका नाही. पण वर्षभरात सासऱ्यांच्या मांड्यांतली ताकद जाते आणि ते अंथरुणाला खिळतात. हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

आता उंबरठ्याची गोष्ट. तिच्यासाठीच मी लिहायला बसले. आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांना पार्किन्सन्स आहे. मोकळ्या जागेत बरे चालतात, पण दाराशी आले की पाय जमिनीला चिकटतात. या आजारात असं होतं. अरुंद जागा, वळण, दाराची चौकट आली की पाऊल गोठतं, माणूस मात्र मनाने आणि वरच्या अंगाने पुढे गेलेला असतो. अशा वेळी हात धरून ओढलं की तो तोंडावर आपटतो. घाई कर म्हटलं की पाय आणखी घट्ट बसतात. मी मुलाला दाखवलं: ओढायचं नाही, थांबायचं. त्यांना श्वास घेऊ द्यायचा. मग आपलं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवायचं आणि म्हणायचं, यावरून पलीकडे. सपाट जमिनीवर न उचलणारा पाय काहीतरी ओलांडायचं असलं की उचलतो. काहींना एक-दोन, एक-दोन असा ताल दिला की जमतं.

चार दिवसांनी जेवणघराच्या दाराशी आजोबा अडकले. मागे तीन जण रांगेत. मी दुरून पाहत होते. मुलाने मागच्यांना हाताने थांबायची खूण केली, आपला पांढरा बूट आडवा ठेवला आणि काही न बोलता वाट पाहिली. आजोबांनी बूट पाहिला, मुलाकडे पाहिलं, आणि पाय उचलून पलीकडे ठेवला. पुढची सहा पावलं ते सरळ चालत गेले.

त्या रात्री मी चुलतभावाला फोन केला. विचारलं, ‘काका दोन्ही वेळा कुठे पडले?’ म्हणाला, ‘बाथरूमच्या दारात. ताई, दोन्ही वेळा. तो माणूस हाताला धरून नेत होता.’

त्या माणसाला मी दोष देणार नाही. बारा तासांची पाळी, महिनाभर सुट्टी नाही, आणि शिक्षण काय, तर आधीच्या घरात एक आजोबा सांभाळले होते एवढंच. त्याने जिवापाड धरलं म्हणूनच काका पडले. आपण आपल्या म्हाताऱ्यांना ज्यांच्या हाती देतो त्यांना मावशी म्हणतो, मामा म्हणतो, नातं जोडतो, पण काम शिकवत नाही. घोट नीट गिळता येत नसेल तर हनुवटी किंचित खाली हवी, जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवायला हवं, झोपून असलेल्याची कूस ठरल्या वेळी बदलायला हवी, पार्किन्सन्सची गोळी घड्याळाच्या काट्यावर द्यायला हवी, यातलं काहीही कोणी जन्मतः शिकून येत नाही. संस्कारांतूनही येत नाही.

जर्मनीत हे शिक्षण कायद्याने बांधलेलं आहे. 2020 पासून नर्सिंग आणि वृद्धांची शुश्रूषा यांचं शिक्षण एकत्र आलं. तीन वर्षांत 2,100 तास वर्गात आणि 2,500 तास प्रत्यक्ष कामात. त्या कामातला किमान दहावा हिस्सा माझ्यासारख्या नेमलेल्या मार्गदर्शकासोबत, आणि मार्गदर्शक व्हायला आधी 300 तासांचं वेगळं शिक्षण. विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून विद्यावेतन. आपल्या 2007 च्या कायद्यात पाहा. मुलांनी आईवडिलांना द्यायचा निर्वाहभत्ता महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये, आणि राज्यांनी टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम उभारावेत, सुरुवात जिल्ह्यात किमान एकापासून, किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी. पैशांचा विचार आहे, छपराचा आहे. त्या छपराखाली दीडशे माणसांना उठवणार, बसवणार, भरवणार कोण आणि ते शिकणार कुठे, यावर आमच्या ग्रुपवर जशी एक ओळ आली नाही, तशी ती आपल्या वर्तमानपत्रांतल्या वादांतही मला क्वचितच दिसते.

आणि गंमत नाही, दुःख वाटतं ते याचं की महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मुलांनी यावं, जरूर यावं, मीही तशीच आले. पण इथल्या आजीच्या पाच बटणांसाठी आमची मुलं तीन वर्षं शिकणार आणि घरच्या आजीला न शिकलेले हात मिळणार, हे मला बोचतं.

तिकडे महाराष्ट्रात सध्या कॉलेजांत ऑन जॉब ट्रेनिंगचा प्रश्न गाजतोय. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांना प्रत्यक्ष काम करून श्रेयांक मिळवायचे आहेत. माझी भाची सांगत होती की निम्म्या वर्गाने ओळखीच्या ऑफिसातून सर्टिफिकेट आणलं, काम शून्य. जागाच नाहीत, असं कॉलेज म्हणतं. एनएसएसची मुलं वर्षाला 120 तास देतात, तीही आहेतच. आणि वृद्धाश्रमांत काय होतं? वाढदिवसाला फळवाटप, एक गाण्यांचा कार्यक्रम, फोटो, संध्याकाळी पुन्हा सामसूम. देणाऱ्यांची भावना खरी असते, हे मी जाणते. पण तेच 120 तास एका वृद्धाश्रमात, दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच चार आजीआजोबांसोबत गेले तर? आधी दोन दिवस कोणी जाणत्या नर्सने शिकवायचं: दार ठोठावणं, डोळ्यांच्या पातळीवर बसणं, पाणी किती प्यायलं ते लिहिणं, एकच प्रश्न दहाव्यांदा आला तरी पहिल्यांदा आल्यासारखं उत्तर देणं. अंगाला हात लावायची कामं त्यांना देऊ नयेत, इथेही कच्च्या मुलांना ती एकट्याने देत नाहीत. तेवढंही पुष्कळ आहे. त्या मुलांपैकी दहातलं एक जरी पुढे या कामाकडे वळलं तरी हवंच आहे, आणि उरलेली नऊ आपापल्या घरी आजोबांना ओढणार नाहीत.

इथलं सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. इथे माणसं कमी पडतात, रोज. 2011 मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबली आणि तिच्याऐवजी नागरी सेवा करणारी तरुण मुलंही वृद्धनिवासांतून एका फटक्यात गेली. राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी 2022 मध्ये तरुणांसाठी सक्तीच्या समाजसेवेची कल्पना मांडली तेव्हा इथे केवढा वाद झाला! मला सक्ती पटत नाही. मन नसलेला हात म्हाताऱ्या अंगाला लगेच कळतो. आणि इथला रविवार दुपारचा व्हरांडा मी नऊ वर्षांत पचवू शकलेले नाही. चांगल्या कपड्यांत, केस विंचरून, दाराकडे तोंड करून बसलेली माणसं, आणि कोणी येत नाही. त्या वेळी मला आमच्या आत्याचा आरडाओरडा हवासा वाटतो. निदान ती भांडते तरी काकांसाठी.

जानेवारीत स्वेटरवाल्या आजी गेल्या. पहाटे. आमच्याकडे रीत आहे, माणूस गेला की खोलीची खिडकी उघडायची, आणि बाहेर टेबलावर फोटो आणि एक मेणबत्ती. मुलाने त्याआधी मृत्यू पाहिलेला नव्हता. मी विचारलं, ‘आत यायचंय का? नसेल तर नको.’ तो दारापाशी गेला, हात वर केला आणि ठोठावलं. थांबला. मग आत आला. आम्ही दोघांनी त्यांना स्वच्छ केलं, धुतलेला स्वेटर घातला. बटणं त्याने लावली, एकेक, सावकाश. मी घड्याळ पाहिलं नाही.

काकांच्या संस्थेत मी गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल केला. तिथल्या मामांना विचारलं, पाच मिनिटं देता का. चुलतभाऊ फोन धरून उभा होता. काका दाराशी आले, अडकले. मामांचा हात सवयीने पुढे आला. मी म्हटलं, ‘मामा, ओढू नका. तुमचा पाय आडवा ठेवा.’ त्यांनी ठेवला. काका बराच वेळ त्या चपलेकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘अरे, पाय काढ ना मधून,’ आणि ओलांडून पलीकडे गेले.