पल्ला, पेलोड आणि ‘खाल्लेले’ दीड हजार किलोमीटर

नमस्कार. विमानांच्या माझ्या तक्त्यावर तुमची तक्रार पोचली. ‘बोइंगच्या माहितीपत्रकात ७७७-२००एलआर विमानाचा पल्ला (न थांबता कापता येणारं अंतर) १७,४०० किलोमीटर आहे, तुम्ही १५,८४० लिहिलात. दीड हजार किलोमीटर खाल्ले आणि प्रतिस्पर्धी एअरबसची तळी उचललीत,’ असं तुमचं म्हणणं. एअरबसने मला अजून साधी किचेनसुद्धा दिलेली नाही हो.

दोन्ही आकडे बोइंगचेच, आणि विमानही तेच. जुना आकडा ३०१ प्रवासी धरून होता. पुढे कंपनीने ३१७ धरले, विमानाच्या आतल्या सामानाची वजनंही प्रत्यक्षाला धरून घेतली, आणि पल्ला कागदावर आक्रसला. मी नवा आकडा घेतला. मोठाच हवा असेल तर २००५ साली हेच विमान हाँगकाँगहून पूर्वेकडून लंडनला न थांबता गेलं होतं: २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. आत माणसं होती ३५. लिहू का तो?

माझी चूक वेगळीच आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली. तक्त्यात पल्ला आणि पेलोड (प्रवासी, बॅगा आणि माल मिळून नेता येणारं वजन) मी शेजारी शेजारी मांडले. त्यामुळे दोन्ही एकाच उड्डाणात मिळतात असं वाटतं. बोइंगचंच ७७७-३००ईआर घ्या, मुंबईहून न्यूयॉर्ककडे थेट जाताना आपल्यापैकी कित्येक जण त्यात बसलेत. उड्डाणावेळचं कमाल वजन ३५१.५ टन. रिकामं विमान साधारण १६८ टन. टाक्या काठोकाठ भरल्या तर १,८१,००० लिटर, म्हणजे १४५ टन. उरले ३८.५ टन. पेलोडच्या रकान्यात मात्र ७०! ३९६ प्रवासी बॅगांसकट शंभर-शंभर किलोचे धरले तरी इथेच काटा टेकतो, मालाची एक पेटीसुद्धा न चढवता. सत्तर टन भरायचेच तर तीसेक टन इंधन कमी घ्यायचं, आणि मग न्यूयॉर्क विसरायचं.

‘मग एअरबसच्या ए३५०-९००यूएलआरचे १८,००० किलोमीटर बरे मान्य केलेत’, हा तुमचा टोमणा. तिथेही हाच हिशेब आहे. कमाल वजन २८० टन, त्यातलं १,६५,००० लिटर इंधनच सुमारे १३२ टन. राहिलेल्या १४८ टनांत विमान, माणसं, बॅगा, जेवण सगळं. म्हणून सिंगापूर एअरलाइन्सने त्यात १६१च आसनं बसवली, इकॉनॉमी ठेवलीच नाही, पुढचा मालकक्षही बंद. न बसवलेल्या खुर्च्यांच्या बदल्यात मिळालेला पल्ला आहे तो.

जानेवारीत एकदा मी न्यू जर्सीला उतरलो, बॅग मात्र मुंबईतच. समोरचा वारा जोराचा, इंधन जास्त घ्यावं लागलं, म्हणून काही बॅगा उतरवल्या, असं काउंटरवर सांगितलं. घरी काट्यावर तीनदा ठेवून २३ किलोत बसवलेली बॅग, मेतकूट-गोडा मसाल्यासकट, दोन दिवसांनी आली. पेलोड-पल्ल्याचा आलेख, एक वाढला की दुसरा घटतो तो, मला तेव्हा नीट कळला.

तक्ता आज बदलतोय. प्रत्येक पल्ल्यापुढे तो किती प्रवासी धरून काढलाय ते लिहीन, आणि कमाल पेलोड वेगळ्या तक्त्यात टाकीन. १५,८४० मात्र तसाच राहील.