सुट्या भागांच्या पिशवीत मीठ नको: पावसाळी साठवणुकीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातील कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. सुटा भाग कंपनीच्या पॅकिंगमधून काढून त्याला जुने इंजिन ऑइल फासावे, पॉलिथिनमध्ये घट्ट बांधावे आणि आत मिठाची किंवा तांदळाची पुरचुंडी ठेवावी, म्हणजे पाच वर्षे गंज चढत नाही, असे तो सांगतो. हंगाम संपल्यावर साखर कारखान्यांच्या स्टोअरमध्ये लाखो रुपयांचे भाग महिनोन्महिने पडून असतात, त्यामुळे हा सल्ला तपासून घेणे आवश्यक आहे.

सर्वांत घातक सूचना मिठाची आहे. लोखंडावर गंज धरण्याचा वेग सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेल्यावर झपाट्याने वाढतो. मीठ मात्र सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत हवेतील ओलावा जवळजवळ घेतच नाही, आणि त्यापुढे घेऊ लागले की स्वतःच पाझरते. म्हणजे ६० ते ७५ या पट्ट्यात ते निरुपयोगी ठरते आणि आषाढ-श्रावणातल्या कोल्हापुरी हवेत भागाशेजारी खारे पाणी सोडते. त्या पाण्यातील क्लोराइड धातूत खोल खड्डे पाडते. तांदळात मुळातच बारा-तेरा टक्के पाणी असते, त्यामुळे तो पिशवी फारशी कोरडी करत नाही, उलट त्याला कीड आणि बुरशी लागते.

पॉलिथिन बाहेरचे पाणी अडवते हे मान्य आहे. पण बांधताना आत कोंडलेल्या हवेचे काय? ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते आणि ती हवा २६ अंशांपर्यंत उतरली की दव धरू लागते. पावसाळी दुपारी बांधलेली पिशवी रात्री तेवढी सहज थंड होते. आत जमणारा थेंब लहान असतो, पण ग्राइंडिंग करून गुळगुळीत केलेल्या शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) डाग पडायला तो पुरतो. भागाभोवती वर्तमानपत्र किंवा गोणपाट गुंडाळले असेल तर त्यातील ओलावाही याच पिशवीत उतरतो. पिशवी उपयोगी पडायची असेल तर भाग आणि आतील हवा दोन्ही कोरडी हवीत, सोबत ओलावा शोषणारे पुरेसे सिलिका जेल हवे किंवा गंजरोधक वाफ सोडणारा व्हीसीआय कागद हवा, आणि तोंड गाठ मारून न सोडता उष्णतेने बंद केलेले हवे.

जुन्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले, काजळी आणि पाणीही असते. ते फासणे म्हणजे गंजाचे कारणच भागावर लावणे होय. बाजारात रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल मिळते, ते पाणी बाजूला सारून धातूवर पातळ थर धरते. रबराला मात्र कोणतेही तेल सरसकट लावू नये. नायट्राइल या कृत्रिम रबराचे ऑइल सील खनिज तेल सोसते, नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम हे दुसरे कृत्रिम रबर त्यात फुगतात.

मूळ पॅकिंग काढण्याची सूचना बेअरिंगच्या बाबतीत तर अक्षम्य आहे. त्यावरील तेल आणि कागद साठवणुकीसाठीच असतात, आणि उघड्या बेअरिंगला घामेजलेले हात लागले की काही दिवसांत बोटांचे ठसे गंजाच्या रेषांतून उमटतात. पॅकिंग बसवण्याच्या वेळीच फोडावे, तोवर बेअरिंग फरशीपासून उंच रॅकवर आडवे ठेवावे.

राहिला पाच वर्षांचा भरवसा. सिलिका जेलचेही बळ संपते. निळे दाणे गुलाबी किंवा नारिंगी दाणे हिरवे दिसू लागले की ते सुमारे १२० अंशांवर तापवून कोरडे करावे लागतात. साठवलेल्या विजेच्या मोटारींचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवावा, आतला भाग कोरडा ठेवणारा स्पेस हीटर असेल तर तो पावसाळाभर चालू ठेवावा, आणि पडून राहिलेल्या मोटारीचे वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, तपासल्याशिवाय तिला वीजपुरवठा जोडू नये.