साहेब, मॅडम आणि चवथीची सुट्टी

दिवाळीला रजा मिळाली नाही तर गोवेकर कुरकुरतो. चवथीला मिळाली नाही तर तो राजीनाम्याचा मसुदा करायला बसतो. गणपती दीड दिवसाचा असो की पाच, मूळ घरी जायलाच हवं. मुंबईचे चुलते आदल्या रात्रीच डिचोलीला येऊन ओसरीवर पाय पसरून बसलेले असतात, आणि पणजीत नोकरी करणारा तेवढा आला नाही, ही गोष्ट पुढच्या चवथीपर्यंत चघळली जाते. आमचं ऑफिस पणजीतच, पाटोवर. कंपनी खाजगी, सुट्टी मोजून दोन दिवस. वरचे तीन मागून घ्यायचे.

आधी ते मागणं साहेबांकडे असायचं. माणूस दिलदार. पण त्यांची मर्जी चालायची माशावर. दुपारी डब्यात इस्वणाची, म्हणजे सुरमईची, तळलेली तुकडी निघाली की तीन वाजेपर्यंत कुठल्याही कागदावर सही. डब्यात तोंडाक, म्हणजे कडधान्याची भाजी, निघाली की त्या दिवशी टेबलापाशी जायचं नाही, हे नवीन लागलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवलं जाई. शिपाईमामा डबा उघडताना जवळून जाऊन वास घेत आणि बाहेर येऊन नुसती मान हलवत. त्यावर आमचे अर्ज निघत किंवा परत ड्रॉवरमध्ये जात.

आता पंचाईत बघा. १ जूनला ट्रॉलरवर बंदी येते ती ३१ जुलैपर्यंत. बाजारात मिळतो तो बर्फातला, परराज्यातला मासा, आणि साहेब त्याला मासा म्हणायला तयार नसत. बंदी उठेपर्यंत, नाहीतर उठल्यावर थोड्याच दिवसांत, श्रावण लागलेला. श्रावणात साहेब मासा शिवत नाहीत. श्रावण संपला की चार दिवसांत चवथ! म्हणजे भाद्रपदातली सुट्टी मागायला योग्य मुहूर्त उरतो तो मे महिन्यातला. मेमध्ये अर्ज दिला की साहेब म्हणत, "अरे, अजून पाऊस नाही आणि तुला चवथ?" ऑगस्टमध्ये दिला की कागदाकडे न बघता म्हणत, "बघूया." होय म्हटलं तर आभार मानता येतात, नाही म्हटलं तर भांडता येतं. बघूयाचं काय करणार? मी घरी फोन करून तेच सांगायचो. आई म्हणायची, "तू किती वर्षं बघतोयस रे?"

साहेब निवृत्त झाले आणि मॅडम आल्या. त्या यायच्या आधीच त्यांच्याविषयी सगळं ठरलं होतं. आमच्या हेडक्लार्कनी चहाच्या टपरीवर निकाल दिला, "बाई म्हणजे मूड. आज हसतील, उद्या खायला येतील. बाप्या माणसाचं बरं असतं, एकदा कळला की कळला." डबा हुंगून अर्ज देणारे आम्ही सगळे माना डोलवत होतो. एका पोराने मोबाइल काढून अमेरिकेतली गॅलपची पाहणी वाचून दाखवली. १९५३ साली ६६ टक्के लोकांना पुरुष साहेब हवा होता आणि बाई हवी असलेले अवघे ५. २०१७ मध्ये ५५ टक्के म्हणाले, कोणीही चालेल. हेडक्लार्क म्हणाले, "त्यांना चवथ नाही, म्हणून चालेल." शिपाईमामा मात्र पक्के मगोवाले, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. त्यांचं म्हणणं, मुख्यमंत्री भाऊ बांदोडकर गेल्यावर १९७३ पासून १९७९ पर्यंत त्यांच्या लेकीने, शशिकलाताई काकोडकरांनी, अख्खा गोवा चालवला, तुमचं एक ऑफिस काय घेऊन बसलात! त्यानंतर गोव्याला दुसरी बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही, एवढं त्यांनी जाता जाता ऐकवलं आणि कप गोळा केले.

मॅडमनी जूनमध्येच एक तक्ता फिरवला. ज्याला चवथीला जेवढे दिवस हवेत तेवढे त्याने लिहावेत, कारणासकट. मी लिहिलं: पाच दिवस, घरी कामे. आजवर हे कारण कधी कोणी वाचलेलंच नव्हतं. मॅडमनी बोलावून घेतलं.

"कसली कामं असतात तुम्हाला?"

"माटोळी, मॅडम." मी जरा छाती काढून सांगितलं. नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, तोरिंजनं, कवंडळं, सगळं जमवायचं, गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला बांधायचं.

"माटोळी एका सकाळी बांधून होते. माझे भाऊ चहा पीत पीत बांधतात. मग?"

"मग... खतखतं, पातोळ्या, नेवऱ्या." नेवऱ्या म्हणजे आमच्याकडच्या करंज्या.

"ते तुम्ही करता?"

साहेबांनी हा प्रश्न जन्मात विचारला नसता. त्यांना आणि मला, दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की चवथीला बाप्ये माटोळी बांधून झाली की पत्ते पिसतात. ते आमच्यातलं न बोललेलं सामंजस्य होतं. मॅडम तर स्वतः आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऑफिसात बसून, मग घरी जाऊन मध्यरात्रीपर्यंत नेवऱ्या तळणाऱ्या. त्यांच्यापुढे थाप मारायची कशी? मी म्हणालो, "मदत करतो."

"छान," म्हणत त्यांनी तिथल्या तिथे सही केली. पाचही दिवस मंजूर. वर, "येताना दोन डझन नेवऱ्या आणा. तुम्ही भरलेल्या."

बाहेर आलो तर हेडक्लार्क म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? खवचट बाई!" पाच दिवस जूनमध्येच पदरात पडले होते हे कोणी लक्षात घेईना. मीही घेतलं नाही, खोटं कशाला बोलू.

चवथीच्या आदल्या रात्री चुलते पत्ते वाटत होते आणि मी स्वयंपाकघरात पोळपाटासमोर. पहिल्या सहा नेवऱ्या तेलात फुटल्या आणि खोबऱ्याचं सारण कढईभर पोहू लागलं. काकी हसून हसून भिंतीला टेकल्या. मुरड घालायला बायकोने शिकवलं, तिसऱ्यांदा दाखवताना तिचा आवाज जरा चढला, पण रात्री बारापर्यंत दोन डझन झाल्या, थोड्या वाकड्या, पण बंद.

शेवटचा घाणा काढताना बायकोने विचारलं, "तुझ्या मॅडमची बदली एवढ्यात नाही ना होणार?"