प्रतिक्रियेला उत्तर : ‘अर्थ मनात असतो, मग कातडीवर कशाला?’

नमस्कार.

अर्थ असलेल्या टॅटूंवरच्या आमच्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : टॅटूमागचा अर्थ आधी नसतोच, हौस आधी येते आणि कारण मागून चिकटवतात. अर्थ बदलतो, शाई मात्र जात नाही. आणि ‘फार लहान काढू नका’ हा लेखातला सल्ला म्हणजे बिल फुगवायची युक्ती. शेवटी ‘ओळखीच्या एकासाठी’ म्हणून एक प्रश्नही विचारलाय, बाळाच्या पावलाच्या ठशाचा टॅटू कसा काढावा असा, त्याकडे नंतर येतो.

हौस आधी येते हे मान्य. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नुसतं दिसायला छान म्हणून काढलेला टॅटूही टॅटूच. पण एखादा ‘याला अर्थ आहे’ म्हणत असेल, तर त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : यातलं नेमकं काय पुसट झालं, तर हा टॅटू माझा राहणार नाही? जे उत्तर येईल त्याला जागा द्यायची. उरलेलं लहान करा, गाळून टाका, बिघडत नाही. अर्थाचा उपयोग आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

आता बिलाबद्दल, म्हणजे ‘फार लहान काढू नका’ का म्हटलं त्याबद्दल. शाई कातडीच्या सर्वांत वरच्या थरात टिकत नाही, कारण तो थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो. सुई त्याच्या खालच्या थरात, १ ते २ मिमी खोल जाते. तिथे भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. पेशी मेली की सुटलेले कण नवी पेशी गिळते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे २०१८ मध्ये दिसून आलं. म्हणून टॅटू टिकतो, पण जसाच्या तसा नाही. रेघ वर्षागणिक थोडी जाड आणि मऊ होत जाते. सुई आणखी खोल, चरबीत गेली तर रेघेभोवती निळसर सावली पसरते आणि ती टच-अपने, म्हणजे वरून पुन्हा शाई भरून, जात नाही.

‘धैर्य’ हा शब्द घ्या. दोन अक्षरं, मनगटावर सहज बसतील असं वाटतं. पण शिरोरेषेच्या वर काय गर्दी आहे बघा : दोन मात्रा आणि शेजारी रफार. अक्षरं ५ मिमी उंच ठेवली तर दोन मात्रांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. दोन्ही रेघा थोड्या फुगल्या की फट बुजली, ‘धै’चा ‘धे’ झाला. शिरोरेषेखालची उंची निदान १२ ते १५ मिमी हवी, आणि रेघ तीन सुयांच्या बारीक लाइनरची (रेघा ओढायच्या सुयांच्या जुडग्याची). आणखी एक खोड म्हणजे ‘ध’वरची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. देवनागरी न वाचणारा आर्टिस्ट स्टेन्सिल (कातडीवर आधी उमटवायचा नमुना) ‘नीट’ करायला जातो, रेघ सलग ओढतो आणि ‘घैर्य’ होतं. ‘भ’चा ‘म’ही असाच होतो. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये रफार सुटून ‘र’चा पाय मोडलेला दिसतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. म्हणून शब्द टाइप करून पाठवू नका. चित्र म्हणून पाठवा आणि स्टेन्सिल कातडीवर बसल्यावर एक-एक अक्षर बोट ठेवून वाचा. अर्थ त्या शब्दात असेल तर मात्रा वाचवणं हेच खरं काम. तेव्हा अर्ध्या मनगटाऐवजी अर्ध्या पंजाएवढी जागा मागणारा आर्टिस्ट लुबाडत नसतो.

गेलेल्या माणसाच्या ईसीजीची (हृदयाच्या ठोक्यांच्या कागदावरच्या आलेखाची) रेघ काढून घेणारे तर सगळ्यात जास्त फसतात. तो कागद नेहमीच्या वेगाने, सेकंदाला २५ मिमी, सरकलेला असतो. ठोके मिनिटाला ७५ असतील तर दोन उंच टोकांमधलं अंतर २० मिमी येतं. मनगटाभोवती पुरावी म्हणून पट्टी फक्त आडवी ताणून ते ३० मिमी केलं, तर वाचणाऱ्याला ५० ठोके दिसतील. तो माणूस दुसराच झाला! मोठी करायची तर उंची आणि लांबी एकाच प्रमाणात वाढवा, म्हणजे रेघेचं रूप तरी मूळचंच राहतं. उंच टोकाच्या आधीचा छोटा उंचवटा मूळ कागदावर बहुधा अडीच मिमीपेक्षा कमी असतो. जाड रेघेत तो बुडतो, तेव्हा दुप्पट मोठं करणं बरं. आणि स्टुडिओच्या फोल्डरमधली तयार ईसीजी लावायची असेल तर मात्र तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा : तिथे कारण खरोखरच मागून चिकटवलेलं असतं. जाता जाता : ईसीजीचा कागद बहुतेक वेळा थर्मल असतो. उन्हात, उष्णतेत किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात त्यावरची रेघ पुसट होत जाते. टॅटू पुढच्या वर्षी काढा, स्कॅन आजच करून ठेवा, ६०० डीपीआयवर.

अक्षरांची दिशाही अर्थावरून ठरते. आर्टिस्ट बहुधा समोरच्याला सुलट दिसेल अशी लावतात. शब्द स्वतःला वाचायचा असेल तर तसं आधी सांगा. स्टेन्सिल लावताना हात टेबलावर नको, उभं राहून मोकळा सोडलेला हवा. टेबलावर सरळ दिसणारी ओळ हात खाली सोडला की पीळ खाते. बोटांच्या कडा, तळहात, तळपाय या जागा अर्थाच्या टॅटूला देऊच नयेत. तिथली कातडी घासून घासून झिजते, शाई ठिपक्याठिपक्याने जाते.

अर्थ बदलतो, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. यावर लेखात कमी लिहिलं गेलं, चूक आमची. लेसरने घालवायचा तर बऱ्याचदा ६ ते १० बैठका लागतात, दोन बैठकांत ६ ते ८ आठवडे, म्हणजे वर्ष सहज जातं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर निघते, हिरवी-निळी चिवट. पांढरी लेसरखाली उलट काळपट पडू शकते. झाकायचा म्हटलं तर वरचं चित्र दुप्पट-तिप्पट मोठं आणि गडद लागतं. ताज्या दुःखात किंवा ताज्या प्रेमात असाल तर डिझाइन छापून आरशाला लावा आणि काही महिने जाऊ द्या.

आता ओळखीच्या त्या एकासाठी. बाळाच्या पावलाचा ठसा मूळ मापातच ठेवा. नवजात पाऊल साधारण साडेसात-आठ सेंटिमीटरचं असतं, आणि ते एवढंसं होतं हेच तर लक्षात ठेवायचंय. स्कॅन करताना शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर प्रिंटर ‘पानात बसवताना’ माप बदलतो. तळव्यावरच्या बारीक रेषा उतरवायचा हट्ट नको. त्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की जखम भरून आल्यावर करडा डाग उरतो. बाह्यरेषा, पाच बोटं वेगवेगळी आणि आत ठिपक्यांची विरळ छटा, बस. दोन बोटांमध्ये दीड-दोन मिमी मोकळी कातडी राहील हे स्टेन्सिलवरच मोजून घ्या. ठशात बोटं चिकटलेली असतील तर तेवढाच फरक करायला तुमच्या त्या ओळखीच्यांना हरकत नसावी, विचारून बघा.